जाऊबाईंचा कायदा

प्रिय जाऊबाई,

तोंडानं मी तुम्हाला ताई म्हणते, पण आज हात तो शब्द लिहायला तयार नाही. आणि 'प्रिय' लिहिलंय ते पत्राला सुरुवात लागते म्हणून. त्यावरून मनात मांडे खाऊ नका.

तुमचा निरोप पोचला. रविवारी संध्याकाळी आईंना आणून सोडा, नाहीतर तुमचा-आमचा संबंध संपला, असं तुम्ही ह्यांना फोनवर सांगितलंत. मला नाही, ह्यांना. कारण तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, धाकटा दीर तुमच्यापुढे मान वर करत नाही. फोन ठेवला आणि हे गुपचूप बटाटे सोलायला बसले. न सांगता स्वयंपाकघरात हात घातला की मी ओळखते, काहीतरी शिजतंय. सगळे बटाटे सोलून झाल्यावर म्हणाले, मोठी वहिनी आहे, सोडून येऊ या. मी म्हटलं, आई म्हणजे काय रिकामं सिलिंडर आहे का, आणा आणि सोडा करायला? तर जाऊबाई, प्रश्न एवढाच आहे की तुमची नि माझी सासू ह्यापुढे कुणाच्या घरी राहणार. त्याचं उत्तर मी देणार आहे, पण माझ्या वेळेनं. आधी मला बोलू द्या. समोर असतात तर तुम्ही दुसऱ्या वाक्याला मला 'हळू बोल' म्हणाला असतात. पत्राला तसं म्हणता येत नाही.

आम्ही ह्या देशात उतरलो तेव्हा तुम्ही एकट्याच न्यायला आला होतात. भावजी नेहमीप्रमाणे ट्रक घेऊन कुठेतरी लांब. तुम्हाला बघून मला रडूच फुटलं होतं, एवढ्या परक्या तोंडांत आपलं एक तोंड. मी पळत येऊन गळ्यात पडले, आणि तुम्ही माझ्या कानात पहिलं वाक्य बोललात ते आठवतंय का? इथे असं मोठ्यानं रडायचं नाही, लोक तक्रार करतात. मी तिथेच डोळे पुसले. म्हटलं, बाई गं, केवढी शिस्त ह्या देशाची! आणि केवढी हुशार माझी जाऊ, सगळं शिकून बसलीय.

मग तुम्ही मला हा देश शिकवायला घेतलात. गरम पाणी सकाळी एकदाच, दुसऱ्यांदा नळ फिरवला की दुप्पट दर लागतो. बाटल्या धुवून, त्यांच्यावरचे कागद नखांनी खरवडून मगच टाकायच्या, कारण कचऱ्याचे लोक पिशव्या उघडून बघतात. जिन्यात बोलायचं नाही. शेजाऱ्यांशी आपण होऊन बोलायचं नाही, तो त्रास देण्यात मोडतो. घर गरम करायचं यंत्र एकाच खोलीत लावायचं. आणि सगळ्यांत मोठा नियम, माझ्यासाठी खास: शिलाई मशीन घरात चालवायची नाही, आवाजाची तक्रार झाली तर घर सोडावं लागतं. अहो, मी ते मशीनचं डोकं गोधडीत गुंडाळून, स्वतःचे कपडे कमी करून आणलं होतं! ते मी पलंगाखाली सरकवलं आणि आख्खा हिवाळा पँटच्या कडा हातानं दुमडून शिवल्या. ज्या दुकानातून मी घरी काम आणते तिथली मालकीण टाके बघायची आणि माझ्याकडे बघायची. माझ्या बोटांची चाळण झाली होती. आणि वर मला वाटायचं की आपण किती नियमानं वागतोय.

तुम्ही म्हणाल, मग विचारायचंस ना. कुणाला विचारणार? आपल्या घरात मोठ्या सुनेनं सांगितलं की ते झालं. माझ्या लग्नानंतर घरात मिठाचा डबा कुठल्या फळीवर राहणार हे तुम्ही ठरवलंत, तेव्हाही कुणी का म्हणून विचारलं नव्हतं. इथे येऊन तुम्ही मिठाच्या डब्यावरून एकदम सरकारवर गेलात, तरी आम्ही आपले माना डोलावतोय. ह्यांनी विचारलं नाही, भावजींनी तर जन्मात नाही. इथल्या माणसाला विचारावं, तर शेजाऱ्यांशी बोलायचं नाही हाही तुमचाच नियम! पक्का बंदोबस्त केला होतात तुम्ही.

तो बंदोबस्त मोडला खालच्या मजल्यावरच्या बस चालवणाऱ्या बाईनं. एके दुपारी तिनं आमची घंटा वाजवली. मी आधी दाराआड श्वास रोखून उभी. मग दार उघडलं आणि तिनं तोंड उघडायच्या आत, मोडक्यातोडक्या भाषेत, सगळ्याची माफी मागून टाकली. पाण्याची, पायांच्या आवाजाची, बाटल्यांची. ती बिचारी हातात पडदे घेऊन उभी. तिला ते कमी करून हवे होते, मी शिवते हे तिला दुकानात कळलं होतं. मी मशीन दाखवली आणि खुणेनं सांगितलं, हिला बंदी आहे. जाऊबाई, ती बाई हसत हसत पायरीवर बसली. तिचा नवरा घरात ते भलंमोठं पितळी वाद्य फुंकतो, रोज संध्याकाळी. मला ते रोज ऐकू यायचं. पण मला वाटायचं, त्यांनी परवानगी काढली असेल! त्या दिवशी तिनंच माझ्याबरोबर मशीन पलंगाखालून ओढून काढली. पहिली शिवण मारली आणि मला इतका राग आला, इतका राग आला, की दोन पडदे एकमेकांना शिवले गेले.

तिथून मी सुटलेच. तुमचा एकेक नियम घ्यायचा आणि दुकानातल्या मालकिणीला विचारायचा. तिची रोज करमणूक व्हायला लागली. पाण्याचा दर दिवसभर एकच. बाटल्यांवरचे कागद कुणीही खरवडत नाही. जिन्यात लोक पिशव्या खाली ठेवून तासन्‌तास गप्पा मारतात. एक मात्र मान्य करते, बसमधून उतरतानाही कार्ड लावायचं हा तुमचा नियम खरा निघाला. मी म्हटलं, हीसुद्धा थापच असणार, आणि ऐटीत तशीच उतरले. दंड झाला. काचेच्या बाटल्या रविवारी टाकायच्या नाहीत, तोही खरा. पण शंभरात दोन खरे सांगून बाकीच्यांचं पुण्य होत नाही.

तेव्हाच मी तुमच्या दारात येऊन उभी राहणार होते. ह्यांनी अडवलं. आणि खरं सांगायचं तर मलाही वाटलं, बिचारी सगळ्यांत आधी आली, एकटी होती, तिला कुणीतरी चुकीचं सांगितलं असेल. पण मग मी हिशोब लावला. तुमच्याकडे आम्ही जेवणानंतर थांबलो की इमारतीच्या ऑफिसात कळवावं लागतं, आणि माझ्याकडे तुम्ही पाय पसरून बसलात की कुणालाच काही कळवावं लागत नाही! कुठल्या देशाचा कायदा असा माणूस बघून बदलतो हो? तुम्हाला कुणी चुकीचं सांगितलं नव्हतं. तुम्ही जागच्या जागी बनवत होतात.

आणि तुमच्या लेकीचं काय? ती घर सोडून दुसऱ्या शहरात राहायला गेली तेव्हा तुम्ही आम्हाला सांगितलंत, इथे कायदाच आहे, मुलं सज्ञान झाली की त्यांना वेगळं राहावं लागतं, आईबापांकडे ठेवता येत नाही. मी ते खरं धरून दुकानात सगळ्यांना सांगत सुटले, काय निर्दय देश आहे तुमचा, पोरीला आईपासून तोडता! मालकीण माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिचा दाढी पिकायला आलेला मुलगा अजून तिच्याच हातचं जेवतो. त्या दिवशी मी तुमच्यावर चिडले नाही. ती का गेली हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही आणि आजही विचारत नाही. माझं तुमच्याशी भांडण आईंवरून आहे.

आईंनी उभी हयात मंडईत बसून भाजी विकली. त्यांच्या एका हाकेला अर्धी मंडई वळायची. असा आवाज असलेली बाई मागच्या वर्षी तुमच्या घरी आली आणि तुम्ही तिला कुजबुजायला शिकवलंत. तुमचं घर मोठं, मान मोठ्या सुनेचा, म्हणून आम्ही एक शब्द न बोलता त्यांना तुमच्याकडे ठेवलं. तुम्ही त्यांना सांगितलंत की म्हाताऱ्या माणसांना एकटं फिरायची परवानगी नाही, पोलीस कागद मागतात. इमारतीपुढचा बाक फक्त घरमालकांसाठी आहे. लहान मुलाकडे बघून हसलं तर त्याची आई तक्रार करते. आणि एका घराला दोनच किल्ल्या मिळतात, एक भावजींची, एक तुमची. मी आले की आई सोफ्याच्या कडेला बसलेल्या असायच्या, डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारख्या. बरं, डॉक्टरकडे तरी न्यायचंत! त्यांना ऐकू येईनासं झालं, आपण समोर ओरडलो तरी नुसत्या हसायच्या. तुम्ही म्हणालात, वय झालं. आणि पाहुण्यांना इथे डॉक्टर बघत नाही, बघितलं तर घर विकावं लागेल एवढं बिल येतं. झालं, बसा मुक्या-बहिऱ्या!

आता त्या दुपारबद्दल. तुम्ही कामावर होतात. मला सुट्टी होती, म्हटलं आईंशी जरा बोलून यावं. घंटा वाजवली, वाजली की दिव्याची उघडझाप होते अशी घंटा तुम्ही लावून घेतलीय म्हणून त्यांना कळलं. त्या दाराशी आल्या. आणि दार उघडेना. आतून त्यांचा आवाज, बाहेरून माझा. तुम्ही बाहेरून कुलूप फिरवून गेला होतात! विम्याचा नियम आहे म्हणे, घर दुहेरी बंद नसलं तर चोरीचे पैसे मिळत नाहीत. हे मला आईंनी दारातून सांगितलं, त्यांच्या मंडईच्या आवाजात. अहो जाऊबाई, आत आग लागली असती तर? विमा कशाचा भरला असता, चोरीचा की सासूचा? मी दारावर हात आपटून ओरडत होते, त्यांना ऐकू जात नव्हतं, त्या आतून विचारत होत्या, जेवलीस का. सगळ्या मजल्याची दारं उघडली. मला वाटलं, आता होते तक्रार. समोरच्या म्हाताऱ्यानं माझ्यासाठी खुर्ची आणून ठेवली. एका बाईनं पाणी दिलं. कुणाला आवाजाचा त्रास झाला नाही, उलट सगळे आईंशी दारातून बोलायला लागले, आपापल्या भाषेत, आणि आई आतून उत्तरं देत होत्या.

मग तुम्ही आलात. जिन्यात माणसं, खुर्चीत मी, दारामागे सासू. आणि तुमचं पहिलं वाक्य: हळू बोल. माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्यानंतर मी काय बोलले ते तुम्हाला पाठ असेल, पुन्हा लिहीत नाही, आणि त्यातला एक शब्दही मागे घेत नाही. मी आईंची पिशवी भरली, त्यांचा हात धरला आणि निघाले. तुम्ही किल्ली हातात धरून भिंतीला टेकून उभ्या होतात. एकदाही म्हणाला नाहीत, नेऊ नकोस. म्हणाला असतात तर मी थांबले नसते, ते सोडा. पण म्हणाला नाहीत.

दुसऱ्याच दिवशी आईंना डॉक्टरकडे नेलं. कान तपासले आणि डॉक्टरीणबाई हसायलाच लागल्या. मळ होता हो, मळ! दोन्ही कानांत मळाचे खडे. कोमट पाण्याची पिचकारी मारली, खडे बाहेर. आईंनी आधी इकडे बघितलं, मग तिकडे, आणि म्हणाल्या, हा पंखा केव्हाचा वाजतोय? बिल आलं ते बसच्या तिकिटाहून जरा जास्त. त्याच्यासाठी तुम्ही एका बाईला महिनोन्‌महिने बहिरं ठेवलंत. घरी येऊन मी बाथरूममध्ये जाऊन रडले, रागानं. आई बाहेरून विचारत होत्या, रडतेस का, मला आता ऐकू येतं बरं.

आता आमच्याकडे त्यांच्याजवळ स्वतःची किल्ली आहे. सकाळी उठून बाहेर पडतात. पहिल्या दिवशी रस्ता चुकल्या आणि खालच्या बाईच्या बसमध्ये, तिच्या मागच्या सीटवर बसून आख्खं शहर फिरून आल्या. भाजीच्या दुकानात शेंगा मोडून बघतात, दुकानदार ओरडतो, त्या त्याच्यावर ओरडतात. भाषा एकाचीही दुसऱ्याला कळत नाही, पण तो आता त्यांच्यासाठी चांगल्या शेंगा बाजूला ठेवतो. माझ्या मशीनशेजारी बसून धागे कापतात आणि दिवसभर बोलतात. खरं तर कधीकधी डोकं उठतं माझं! पण घर भरलंय. हे सगळं मी तुम्हाला मुद्दाम सांगतेय. तुम्हाला झोंबावं म्हणून सांगतेय.

म्हणून तुमचा निरोप आला तेव्हा मी बटाटे सोलणाऱ्या माणसाला गप्प केलं आणि ताठ मानेनं आईंना सांगितलं, तुम्ही कुठेही जायचं नाही, हे घर तुमचं आहे. मला वाटलं, त्या माझा हात धरतील. त्यांनी धागा कापला, कात्री खाली ठेवली आणि म्हणाल्या, रविवारी मला सोडून ये. मला वाटलं, मळ परत साठला आणि मी काय म्हटलं ते ऐकूच आलं नाही. पुन्हा सांगितलं. त्या म्हणाल्या, ऐकलं गं, ओरडू नकोस, जायचंय मला. मग मी भांडले त्यांच्याशी. त्या बाईनं तुम्हाला फसवलं, कोंडलं, सगळं खोटं सांगितलं, एक अक्षर खरं नव्हतं त्यातलं. तर म्हणाल्या, मला काय ते ठाऊक नव्हतं? जन्मभर गिऱ्हाइकांच्या थापा ऐकल्या मी, थाप ओळखायला मला कान लागत नाही. पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. मग बोलला का नाहीत, असं विचारलं. त्यावर म्हणाल्या ते जसंच्या तसं लिहिते: 'पोरगी गेली तिची टाकून. नवरा महिन्यातून चार दिवस घरी, तेही झोपायला. कामावर दिवसभर दुसऱ्यांच्या चादरी घड्या घालते, कुणी नावानं हाक मारत नाही. संध्याकाळी घरी येते आणि मला एकेक नियम सांगते, तेवढंच तिचं बोलणं असतं. मीही इकडे येऊन बसले तर ती सांगेल कुणाला?' तुझ्याकडे मी सुखात आहे, पण तिथे माझं काम आहे, असं म्हणाल्या आणि पुन्हा कात्री उचलली.

मी हरले, जाऊबाई. तुमच्यापुढे नाही, त्यांच्यापुढे. मला हे पटलेलं नाही, आणि मी तुम्हाला माफही केलेलं नाही. बाहेरून कुलूप पुन्हा फिरलेलं दिसलं तर मी पोलीस आणीन, आणि ते खरे असतील. दर शनिवारी मी आईंना न्यायला येणार, तेव्हा कुठलाही कायदा आडवा घालू नका. रविवारी दारात एक शब्द बोलणार नाही, असं आईंनी माझ्याकडून वदवून घेतलंय, माझ्या डोक्यावर हात ठेवून. म्हणून हे पत्र. एवढं सगळं गिळून तुमच्या दारात उभं राहणं मला जमलं नसतं, पोटात मावलं नसतं ते. शुक्रवारपर्यंत तुमच्या हातात पडेल, वाचा, फाडा, काय हवं ते करा. रविवारी तुम्ही दार उघडाल तेव्हा मी खाली बघत, तोंड मिटून उभी असेन. आईंना आत घ्या. आणि त्या चपला काढतायत तोवर त्यांना एखादा नियम सांगा, कुठलाही. त्या त्याच्यासाठीच परत येतायत.

नाइलाजानं का होईना, तुमचीच,
धाकटी